सात मुलगे, सात मुली आणि एक आडनाव

इंग्लंडच्या दक्षिण भागात हॅम्पशर नावाचा परगणा आहे. विंचेस्टर हे त्यातील प्राचीन नगर. विंचेस्टरच्या पूर्वेस काही मैलांवर, इचेन नदीला जाऊन मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी टिचबोर्न हे खेडे वसलेले आहे. गवताने शाकारलेली काही घरे, टेकाडावरचे जुने चर्च आणि थोड्या अंतरावर जमीनदाराचा वाडा, एवढाच त्याचा पसारा. इसवी सन ९०९च्या सुमाराच्या एका दानपत्रात हे ग्रामनाम आढळते. भाषातज्ज्ञ त्याचा अर्थ ‘करडांचा ओढा’, म्हणजे ज्याच्या काठी शेळ्यांची पिल्ले चरत असा ओढा, असा लावतात. ज्या घराण्याने हे नाव धारण केले त्याला मात्र ही व्युत्पत्ती फारशी मानवली नसावी. आपले नाव ‘इचेन-बोर्न’ म्हणजे इचेनचा प्रवाह यावरून आले, असे त्या घराण्यात परंपरेने सांगितले जाई. शेळ्यांपेक्षा नदी केव्हाही अधिक प्रतिष्ठित!

या ग्रामनामापासून निघालेले टिचबोर्न हे आडनाव इंग्लंडमध्ये कधीच फार पसरले नाही. तरीही एक काळ असा आला, की ते इंग्लंडमधील प्रत्येक खाणावळीत, वृत्तपत्रात आणि न्हाव्याच्या दुकानात उच्चारले जात होते. इतक्या विरळ आडनावाला एवढी प्रसिद्धी का लाभली आणि एवढी प्रसिद्धी लाभूनही ते विरळच का राहिले, हा शोध मोठा उद्बोधक आहे. त्यात आपल्या धर्मश्रद्धेच्या इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे, म्हणून वाचकांना तो आपलासा वाटेल असा विश्वास आहे.

इंग्लंडमधील आडनावांचे अभ्यासक त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पाडतात : बापाच्या नावावरून आलेली, धंद्यावरून आलेली, अंगच्या एखाद्या लकबीवरून वा टोपणनावावरून पडलेली आणि स्थळावरून आलेली. आपल्याकडील कुलकर्णी, सुतार आणि चिपळूणकर ही नावे डोळ्यांपुढे आणली, की ही विभागणी सहज ध्यानात येते. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे आडनाव पहिल्या वर्गातले. स्टीफन नावाचा बाप गावोगाव होता. त्यामुळे स्टीफन्स हे आडनाव एकाच वेळी अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मास आले आणि आज ते इंग्लंडभर विखुरलेले आहे. उलट टिचबोर्न हे एकाच खेड्याचे नाव. आपल्या भाषेत सांगायचे, तर हे ‘टिचबोर्नकर’ आडनाव होय. ते जिथे कुठे आढळेल तिथून मागे चालत गेल्यास वाट शेवटी या एका ओढ्याकाठीच येते. आडनावांच्या भूगोलाचा अभ्यास करणाऱ्यांना अशी नावे म्हणूनच प्रिय असतात.

तरी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये आडनावे स्थिर होत गेली. त्या काळी टिचबोर्नहून विंचेस्टरला किंवा लंडनला पोट भरण्यास गेलेल्या कोणत्याही कुळाला तिथले लोक ‘टिचबोर्नचा’ म्हणूनच ओळखत असणार. तेव्हा या नावाची सर्व माणसे वाड्यातल्या जमीनदारांच्याच रक्ताची असतील असे नव्हे. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वसई-मुंबईकडील आपल्या पूर्वजांना पोर्तुगीज अमदानीत जी आडनावे मिळाली, ती बहुधा धर्मपित्याची किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूची होती; त्यामुळे एकाच पाखाडीतील दोन डिमेलो कुटुंबांत रक्ताचे नाते असतेच असे नाही. आडनाव एक गोष्ट सांगते आणि रक्त दुसरी. टिचबोर्नच्या इतिहासात हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

हे घराणे बाराव्या शतकापासून आपल्या गावी नांदत होते. एखादे विरळ आडनाव कुठे कुठे पसरले हे पाहण्याची इंग्लंडमधील नेहमीची साधने म्हणजे करांच्या याद्या, १५३८ साली सुरू झालेल्या चर्चच्या नोंदवह्या आणि १८४१पासूनच्या नावानिशी केलेल्या जनगणना. टिचबोर्नांच्या बाबतीत मात्र एक निराळे दप्तर उपयोगी पडते. राणी एलिझाबेथच्या राजवटीत राज्याच्या नव्या धर्मव्यवस्थेनुसार चालणाऱ्या उपासनेस हजर राहणे सक्तीचे झाले. जे कॅथोलिक अंतःकरणाची साक्ष मानून तिथे जाण्यास नकार देत, त्यांना ‘रेक्युझंट’ म्हणत. १५५९ साली गैरहजेरीचा दंड दर खेपेस बारा पेन्स होता. १५८१ साली तो महिन्याला वीस पौंड करण्यात आला. वीस पौंड ही रक्कम भल्याभल्या जमीनदारांना धुळीस मिळवणारी होती. १५९२पासून या दंडितांच्या स्वतंत्र याद्या राजकोशात ठेवल्या जाऊ लागल्या. जी नावे पुसून टाकावीत अशी सरकारची इच्छा होती, ती चारशे वर्षे सुखरूप राखण्याचे काम अशा रीतीने सरकारी कारकुनांच्याच हातून घडले. कॅथोलिक घराण्यांचे वंशवृक्ष जुळवणारे संशोधक आज या याद्या मोठ्या आस्थेने चाळतात.

फादर स्टीफन्स याच जगातून आपल्याकडे आले. त्यांचे बुश्टन हे गाव हॅम्पशरला लागून असलेल्या विल्टशर परगण्यात आहे. तरुणपणी ते हॅम्पशरमधील थॉमस पाउंड या कॅथोलिक सरदाराच्या सहवासात, त्यांच्या नोकराच्या वेषात वावरत होते. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटून रोमला पोहोचले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरले. मराठीला तिचे ख्रिस्तपुराण लाभले त्यामागे दक्षिण इंग्लंडमधील हे दडपणाचे वातावरण होते, हे आपण क्वचितच आठवतो.

जे मागे राहिले त्यांचे काय झाले, ते टिचबोर्न घराण्याच्या एका पिढीवरून दिसते. या घराण्याच्या एका शाखेतला चिडिऑक टिचबोर्न हा तरुण, स्कॉटलंडच्या राणी मेरीला गादीवर बसवण्यासाठी झालेल्या बॅबिंग्टनच्या कटात सापडला आणि २० सप्टेंबर १५८६ रोजी लंडनमध्ये अत्यंत क्रूर रीतीने मारला गेला. मरणापूर्वी टॉवरमध्ये त्याने पत्नीला लिहिलेल्या पत्रासोबतची कविता इंग्रजी काव्यसंग्रहांत आजही आढळते. वधस्तंभावरून त्याने केलेल्या भाषणात आडनावाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी एक गोष्ट आहे. नॉर्मन स्वारीच्याही दोनशे वर्षे आधीपासून आपले घराणे या देशात नांदत आहे आणि आपल्यामुळे त्याला प्रथमच डाग लागत आहे, असे तो म्हणाला. विशीतला तो तरुण मरणाच्या दारात आपल्या आडनावाची चिंता वाहत होता! कट राज्यविरोधी होता हे खरे आणि त्याला त्याचा पश्चात्तापही झाला होता. म्हणून त्याची गणना रक्तसाक्षींत होत नाही. हा भेद इतिहासाने राखला आहे व तो योग्यच आहे.

परंतु हार्टली मॉडिट या गावच्या टिचबोर्न शाखेतील दोन भावांची कथा वेगळी आहे. थॉमस टिचबोर्न हे परदेशात जाऊन धर्मगुरू झाले व गुप्तपणे मायदेशी परतले. परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच १५८५च्या कायद्याने राजद्रोह होता. ते पकडले गेले असता त्यांचा भाऊ निकोलस व थॉमस हॅकशॉट नावाचा एक साधा प्रापंचिक गृहस्थ यांनी पहारेकऱ्याच्या हातून त्यांची सुटका केली. या अपराधाबद्दल निकोलस व हॅकशॉट या दोघांना १६०१ साली टायबर्नच्या फाशीस्थळी देहान्त शासन झाले. पुढच्याच वर्षी फादर थॉमस पुन्हा सापडले आणि त्यांनाही तिथेच नेण्यात आले. क्षयरोगाने ते तसेही मरणपंथास लागलेले होते. राज्याला थोडी कळ काढता आली असती.

ज्या आडनावाची माणसेच मुळात थोडी, त्याच्या एका पिढीतून तीन तरुण निर्वंश गेले किंवा धर्मसेवेस वाहिले गेले, तर ते कसे वाढणार? पुढेही हेच चालू राहिले. छळाच्या काळात कॅथोलिक जमीनदार आपली मुले शिक्षणासाठी फ्लँडर्स व फ्रान्सला पाठवीत. त्यातले कित्येक तिकडेच धर्मगुरू होत, मुली मठात जात. पाचवे बॅरोनेट सर जॉन टिचबोर्न हे स्वतः येशूसंघीय धर्मगुरू होते. त्यांच्या आधीच्या चौथ्या बॅरोनेटला केवळ मुलीच होत्या. १७४८ साली फादर सर जॉन निवर्तले तेव्हा पदवी सरे परगण्यातील फ्रिमली गावच्या दूरच्या चुलत शाखेकडे गेली. मूळ गावी आडनावाचा दिवा शेजारच्या परगण्यातून आणलेल्या वातीवर पेटता ठेवावा लागला असेच म्हणायचे.

बॅरोनेट ही पदवी काय, हे इथे सांगितले पाहिजे. १६०३ साली एलिझाबेथ राणी वारली तेव्हा हॅम्पशरचे शेरीफ असलेले सर बेंजामिन टिचबोर्न यांनी लंडनहून आज्ञा येण्याची वाट न पाहता विंचेस्टरला जेम्स राजाच्या नावाची द्वाही फिरवली. राजाने ही तत्परता लक्षात ठेवली. १६२१ साली सर बेंजामिन यांना बॅरोनेट करण्यात आले. ही वंशपरंपरागत पदवी बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी तिची वारस होऊ शकत नाही. टिचबोर्न गावच्या सेंट अँड्र्यू चर्चचा उत्तरेकडील भाग या घराण्याला कॅथोलिक उपासनेसाठी राखून देण्यात आला, तोही याच कृपेचा भाग असल्याचे सांगतात. चर्च अँग्लिकन आणि त्याच्या पोटात, लोखंडी गजांपलीकडे, कॅथोलिक चॅपेल अशी ही दुर्मीळ व्यवस्था असून सर बेंजामिन यांची समाधीही तिथेच आहे.

सतराव्या शतकात हे आडनाव आपल्या इतिहासातील सर्वांत विस्तृत प्रदेशावर पसरलेले दिसते. हॅम्पशरमध्ये टिचबोर्न व ऑल्डरशॉट, सरेमध्ये फ्रिमली, केंट परगण्यात काउडन, व्यापारानिमित्त लंडन. सर बेंजामिन यांचे एक पुत्र सर हेन्री हे तर आयर्लंडला गेले आणि १६४१च्या बंडात द्रॉएडा शहराचे गव्हर्नर म्हणून त्यांनी कॅथोलिक आयरिशांच्या वेढ्याशी झुंज दिली! केंटच्या शाखेचा वंशज रॉबर्ट टिचबोर्न हा लंडनचा कापड-व्यापारी कडवा प्युरिटन निघाला. १६४९ साली राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर ज्यांनी सह्या केल्या त्यात तोही होता. पुढे १६५६ साली तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला आणि राजेशाही परतल्यावर टॉवरमध्ये बंदिवान म्हणून १६८२ साली मेला. दंड भरणारे, धर्मासाठी मरणारे, राजाला मारणारे आणि कॅथोलिकांविरुद्ध तोफा डागणारे असे सगळेच त्या शतकात टिचबोर्न होते. आडनावावरून माणसाची श्रद्धा ओळखू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आयर्लंडची शाखाही नामरूपाने टिकली नाही. सर हेन्रींच्या नातवाला १७१५ साली बॅरन फेरर्ड ही सरदारकी मिळाली आणि १७३१ साली त्याच्याबरोबरच ती संपली. लाउथ परगण्यातील बोलिऊचा त्यांचा सुंदर वाडा मुलीच्या वंशाकडे गेला. रक्त वाहत राहिले, आडनाव थांबले. लेकींच्या ओटीत घातलेली मालमत्ता टिकते, नाव तेवढे टिकत नाही.

आता शीर्षकातल्या सात मुलग्यांकडे वळतो. टिचबोर्न गावी बाराव्या शतकापासूनचा म्हणून सांगितला जाणारा एक दानधर्म आहे. त्याची आख्यायिका अशी, की लेडी माबेला ही तत्कालीन जमीनदाराची धर्मशील पत्नी दीर्घ आजाराने अंथरुणास खिळली होती. दरवर्षी गोरगरिबांना धान्य मिळावे यासाठी काही जमीन लावून द्या, अशी विनंती तिने पतीला केली. त्याने जळते लाकूड हाती घेतले आणि हे विझेपर्यंत जेवढ्या जमिनीला तू फेरी घालशील तेवढ्या जमिनीचे उत्पन्न गरिबांचे, असे कठोर उत्तर दिले. चालण्याचे त्राण नसलेली ती स्त्री हातापायांवर रांगत निघाली आणि तिने तेवीस एकरांना वेढा घातला. त्या शेताला आजही ‘क्रॉल्स’ म्हणजे ‘रांगण’ असे म्हणतात. मरणशय्येवरून तिने बजावले, की हे दान बंद पाडणाऱ्याच्या पोटी सात मुलगे येतील, त्यापुढच्या पिढीत सात मुली होतील, वाडा कोसळेल आणि टिचबोर्न हे नाव नाहीसे होईल.

मरियामातेला देवदूताचा संदेश मिळाल्याच्या सणी, २५ मार्चला, हे दान वाटले जाई. गिलिस व्हान टिलबोर्ख या फ्लेमिश चित्रकाराने १६७१ साली या प्रसंगाचे मोठे चित्र काढले. वाड्यापुढे जमीनदाराचा सारा परिवार, चाकरमाणसे, पाट्यांतून रचलेल्या भाकरी आणि बाजूला तिष्ठत उभे असलेले गावकरी त्यात दिसतात. पुढे लांबलांबून भटके आणि उनाड लोक गर्दी करू लागले, दंगा होऊ लागला, तेव्हा १७९६ साली सातवे बॅरोनेट सर हेन्री यांनी दान बंद केले. त्यांना सात मुलगे होते. १८०३ साली जुन्या वाड्याचा काही भाग ढासळला. १८२१ साली थोरला मुलगा सर हेन्री जोसेफ गादीवर आला. त्याला सात मुली झाल्या, मुलगा एकही नाही.

शापाचे शब्द इतके नेमके खरे झालेले पाहून माझ्यासारख्याला शंका येते, की शापाचा तपशील घटना घडून गेल्यानंतर अधिक रेखीव झाला असावा. ते काहीही असो, घराण्याचा मात्र त्यावर विश्वास बसला. कारण नाव जाण्याची वेळ खरोखरच आली होती. सातांपैकी तिसरा मुलगा एडवर्ड याला नात्यातल्या डाउटी नावाच्या कुळातील एका निपुत्रिक स्त्रीची मोठी इस्टेट मिळाली ती आडनाव बदलण्याच्या अटीवर. १८२६ साली तो एडवर्ड डाउटी झाला. १८४५ साली थोरला भाऊ वारल्यावर हाच एडवर्ड नववा बॅरोनेट बनला. शेकडो वर्षांत प्रथमच टिचबोर्नच्या वाड्यात टिचबोर्न नावाचा धनी नव्हता. एडवर्डचा एकुलता एक मुलगा बालपणीच वारला. त्या सुमारास, १८३५-३६च्या दरम्यान, दान पुन्हा सुरू करण्यात आले. १८५३ साली पदवी त्याच्या पाठच्या भावाकडे, सर जेम्सकडे गेली आणि डाउटी-टिचबोर्न असे जोडआडनाव रूढ झाले.

हा सारा प्रकार शापाचा की हिशेबाचा? योगायोग असा, की टिचबोर्न नावाने इंग्लंड दुमदुमत होते त्याच वर्षी, १८७३ साली, फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने एका शैक्षणिक नियतकालिकात नेमका हाच प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला. एखाद्या देशात इतके पुरुष आहेत, प्रत्येकाचे आडनाव वेगळे आहे. काहींना मुलगा होत नाही, काहींना एक होतो, काहींना दोन. तर किती पिढ्यांनंतर किती आडनावे लोप पावतील? रेव्हरंड हेन्री वॉटसन या धर्मोपदेशकाने उत्तराची रीत शोधली आणि १८७४ साली दोघांनी मिळून ती प्रसिद्ध केली. सर्व आडनावे अखेरीस नष्टच होतील, हा वॉटसनचा निष्कर्ष चुकीचा होता. एकेका पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगे असतील, तर काही नावे तरतात हे पुढे स्पष्ट झाले. परंतु मुख्य सिद्धान्त खरा ठरला. एकाच दुव्यावर लोंबकळणाऱ्या नावाला संपण्यासाठी कोणाच्या शापाची गरज नसते. हजार घरांत असलेले स्टीफन्स हे नाव काही घरे निर्वंश झाल्याने बुडत नाही. पाच घरांत असलेल्या नावाला एका पिढीत सात मुली पुरतात. गॉल्टनने त्याआधी १८६९ साली दाखवून दिले होते, की सरदार घराणी लवकर बुडतात, कारण त्यांचे वारस इस्टेटीच्या लोभाने एकुलत्या एक वारसकन्यांशी लग्ने करतात आणि ज्या घरात एकच कन्या उरली ते घर मुळातच अल्पसंतान असते. टिचबोर्नांच्या घरी जसे डाउटींचे धन चालून आले, तसे ते पुष्कळांच्या घरी आले होते.

आता ज्या प्रकरणाने हे नाव जगभर गेले ते थोडक्यात सांगतो. त्यावर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. सर जेम्सचा थोरला मुलगा रॉजर पॅरिसला फ्रेंच आईजवळ वाढला, लँकेशरमधील स्टोनीहर्स्टच्या येशूसंघीय विद्यालयात शिकला, काही काळ सैन्यात होता. सर एडवर्डची मुलगी कॅथरिन हिच्यावर त्याचा जीव जडला होता. परंतु सख्ख्या चुलत बहिणीशी विवाहास घरचे राजी होईनात. तो दक्षिण अमेरिकेला निघून गेला. एप्रिल १८५४मध्ये रिओहून निघालेले त्याचे ‘बेला’ हे जहाज बुडाले. आईने मात्र आशा सोडली नाही. सर जेम्स १८६२ साली गेले, धाकटा मुलगा सर आल्फ्रेड १८६६ साली गेला. आईने देशोदेशींच्या वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या आणि ऑस्ट्रेलियातील वागा वागा या गावचा एक कर्जबाजारी खाटीक, मीच तुमचा रॉजर, असे म्हणत पुढे आला. सडपातळ रॉजरच्या जागी अवाढव्य देहाचा पुरुष. त्याला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. तरी जानेवारी १८६७मध्ये पॅरिसमधील अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या माणसाला आईने आपला मुलगा म्हणून स्वीकारले.

तेव्हा टिचबोर्न नावाचा खरा वारस कोण होता? सर आल्फ्रेडच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १८६६ साली, जन्मलेले एक अर्भक. सात मुलग्यांच्या त्या घराचा सारा भार एका पितृहीन बाळावर येऊन ठेपला होता आणि त्या बाळाचे नाव व घर हिरावून घेण्यासाठी न्यायालयात दावा उभा राहिला होता. दिवाणी खटला १८७१-७२मध्ये १०२ दिवस चालला. तो दावेदाराने गमावला. नंतरच्या फौजदारी खटल्याला १८८ दिवस लागले. २८ फेब्रुवारी १८७४ रोजी हा इसम लंडनच्या वॉपिंग वस्तीतील खाटकाचा मुलगा आर्थर ऑर्टन असल्याचा निर्णय होऊन त्याला चौदा वर्षांची सक्तमजुरी झाली. कष्टकरी जनतेतील पुष्कळांना मात्र, एका गरिबाचा हक्क जमीनदारांनी, वकिलांनी आणि येशूसंघीयांनी मिळून बुडवला असेच वाटत राहिले. त्या काळच्या कॅथोलिकद्वेषाचे तेलही या आगीत पडले होते, हे विसरता येत नाही.

१८८४ साली तो सुटला आणि १ एप्रिल १८९८ रोजी दारिद्र्यात मेला. लंडनमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंचा जमाव लोटला. त्याच्या शवपेटीवर ‘सर रॉजर चार्ल्स डाउटी टिचबोर्न’ असे नाव लावण्यास त्या घराण्याने हरकत घेतली नाही. जे नाव न्यायालयाने नाकारले होते ते स्मशानात त्याला मिळाले. त्याच्या एका मुलीने पुढे विसाव्या शतकातही या नावावर आपला हक्क सांगण्याचे सोडले नाही. आज एखाद्याचे पितृकुल रक्ताच्या चाचणीने पडताळता येते; मुलगा बापाकडून आडनाव घेतो तसेच वाय हे गुणसूत्रही घेतो. विरळ आडनावांच्या पुरुषांत हे गुणसूत्र बरेचदा सारखे निघते, असे ब्रिटनमधील संशोधकांनी गेल्या पंचवीस वर्षांत दाखवून दिले आहे. १८७४ साली ज्युरीपुढे होते ते केवळ साक्षीदारांचे शब्द.

ते पितृहीन बाळ वाढले आणि सर हेन्री म्हणून १९१० साली वारले. त्यांच्यामागून सर जोसेफ आले, त्यांच्यामागून सर अँथनी. दर पिढीत एकच धागा. सर अँथनी यांना तीन मुली होत्या. १९६८ साली ते निधन पावले आणि १६२१ साली सुरू झालेली बॅरोनेटची पदवी त्यांच्याबरोबर संपुष्टात आली. इस्टेट मुलीच्या वंशाकडे गेली. माबेलाचे दान मात्र चालू राहिले आहे. २५ मार्चला कॅथोलिक धर्मगुरू पिठाला आशीर्वाद देतात आणि टिचबोर्न, चेरिटन व लेन एंड येथील रहिवाशांना मापाने पीठ वाटले जाते : मोठ्या माणसाला एक गॅलन, मुलाला अर्धा.

टिचबोर्न, टिचबर्न असे लेखनभेद असणारे हे आडनाव पूर्णतः नष्ट झालेले नाही. ब्रिटनमध्ये आणि समुद्रापलीकडील इंग्रजीभाषक देशांत त्याची थोडी घरे आहेत. ती गावातल्या कुळांची, की धाकट्या शाखांची, हे ज्याचे त्याने शोधावे. ऑस्ट्रेलियात पार्क्स शहराजवळ टिचबोर्न नावाची वस्ती आहे.

परंतु या नावाचा सर्वांत मोठा पसारा निराळ्याच रूपात आहे. खटला गाजत असताना केंट परगण्यात हॅरी रेल्फ नावाचा एक गुबगुबीत पोरगा होता. त्या लठ्ठ दावेदारावरून लोक त्याला गमतीने ‘छोटा टिचबोर्न’ म्हणू लागले. मुलगा मोठा झाला, पण उंची साडेचार फुटांवर थांबली. पुढे ‘लिट्ल टिच’ या नावाने तो लंडन-पॅरिसच्या रंगभूमीवरील नामांकित विदूषक झाला. पायांत हातभर लांबीचे बूट घालून तो नाचत असे. १९२८ साली तो वारला. त्याच्यामुळे ‘टिच’ हा शब्द इंग्रजीत ठेंगण्या माणसासाठी रूढ झाला. आजही इंग्लंडमधल्या शाळेच्या पटांगणावर बुटक्या पोराला सवंगडी ‘टिच’ म्हणून हाका मारतात. ज्या ओढ्यावर करडे चरत असत त्याचे नाव आपण घेत आहोत, हे त्या पोरांच्या गावीही नसते.